माउंटन बाइकच्या वाटेवरील दुरुस्तीची साधने

डोंगरवाटांवर माउंटन बाइक चालवताना होणारे बिघाड जागीच दुरुस्त करण्यासाठी सायकलस्वार जी हत्यारे व सुटे भाग सोबत बाळगतो, त्यांना वाटेवरील दुरुस्तीची साधने म्हणतात. दुकानातील दुरुस्तीत सायकल पूर्ववत करणे अपेक्षित असते. वाटेवरील दुरुस्तीचा हेतू मात्र स्वाराला सायकलसह रस्त्यापर्यंत किंवा मुक्कामापर्यंत सुखरूप पोहोचवणे एवढाच असतो. त्यामुळे सायकल चालवणे अशक्य करणारे, परंतु हाताने सुधारता येणारे बिघाड लक्षात घेऊन साधनांची निवड केली जाते.

पार्श्वभूमी

या खेळाच्या जडणघडणीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन काउंटीचा मोठा वाटा आहे. तेथील फेअरफॅक्सजवळच्या उतारावर १९७६ साली सुरू झालेल्या शर्यती ‘रिपॅक’ या नावाने ओळखल्या जातात. त्या काळातील जुन्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या हबमध्ये असे. तीव्र उतारावर तो तापून आतील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. कॅनडातील बॅन्फ ते अमेरिका-मेक्सिको सीमेवरील अँटिलोप वेल्स या सुमारे ४,४०० किलोमीटरच्या ‘टूर डिव्हाइड’ शर्यतीत स्वतःच्या मदतनीसांचे साहाय्य घेता येत नाही.

बिघाड व साधने

टायर: पंक्चर हा सर्वांत नेहमीचा बिघाड होय. ट्यूब असलेल्या टायरसाठी टायर लिव्हर, पंप, पॅच व एक जादा ट्यूब लागते. ट्यूबलेस टायरमधील द्रव सीलंट लहान छिद्रे आपोआप बुजवतो. मोठ्या छिद्रात चिकट रबरी पट्टी खुपसली जाते. टायरची बाजू फाटल्यास आतून जाड तुकडा लावून ट्यूब घालावी लागते. म्हणून ट्यूबलेस वापरणारेही एक ट्यूब बाळगतात. कार्बन डायऑक्साइडच्या कुपीने टायर क्षणार्धात भरतो, परंतु ती एकदाच वापरता येते आणि हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो.

साखळी: तुटलेली कडी चेन टूलने काढून त्या जागी जोडकडी बसवतात. जोडकडी साखळीच्या प्रकाराशी जुळणारी असावी लागते. आखूड झालेली साखळी मोठ्या दातेचक्रावर चढवल्यास डिरेलर मोडण्याचा धोका असतो.

डिरेलर हँगर: आघात झाल्यास सायकलचा सांगाडा वाचावा म्हणून हा भाग मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. त्याचे आकार सायकलीगणिक बदलतात. त्यामुळे दुर्गम वाटेवर आपल्या सायकलीचा जादा हँगर जवळ असणे आवश्यक ठरते.

इतर: बहुउपयोगी हत्यारात ४, ५ व ६ मिलिमीटरचे ॲलन पाने आणि डिस्क ब्रेकच्या चकतीसाठी टी-२५ पाना असावा. प्लॅस्टिकचे बंध व पंपाभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी तात्पुरत्या बांधणीस उपयोगी पडते.

वाहून नेण्याच्या पद्धती

पाठीवरील पिशवीत पुष्कळ सामान मावते; मात्र तिचे वजन उंचावर येते आणि पडल्यास टणक हत्यारांमुळे पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते. कमरपट्ट्याच्या पिशवीत वजन खाली राहते. सीटखालच्या पिशवीतील साधने घरी विसरली जात नाहीत. परंतु मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर सीट खाली घेतल्यास ही पिशवी टायरला घासू शकते. काही हत्यारे सांगाड्यातील कप्प्यात किंवा हँडलच्या पोकळीत बसतात. सायकलवर बांधलेली ट्यूब हादऱ्यांनी घासून निकामी होऊ नये म्हणून कापडात गुंडाळतात.

देखभाल व मर्यादा

पॅचच्या डिंकाची ट्यूब एकदा उघडल्यावर सुकते व टायरमधील सीलंटही काही महिन्यांत वाळतो. त्यामुळे संचाची वेळोवेळी तपासणी आवश्यक असते. समूहात पंप व हत्यारे सामायिक ठेवता येतात, परंतु योग्य मापाची ट्यूब व हँगर प्रत्येकाने स्वतंत्र बाळगणे इष्ट असते. सांगाडा, पुढचा फोर्क किंवा हँडल यांना तडा गेल्यास, अथवा ब्रेक निकामी झाल्यास, वाटेवरील दुरुस्तीवर विसंबणे धोकादायक असते. अशा वेळी सायकल ढकलत उतरणे हाच सुरक्षित पर्याय होय.