पेंडीत राहिलेले तेल

श्रीवर्धनचे नाव निघाले की रोठा सुपारी आठवते. पण तिथल्या वाडीत पोफळीच्या जोडीला माड असतोच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या वाड्या आडव्या झाल्या. नवा माड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर हाती येणाऱ्या नारळातून जास्तीत जास्त तेल कसे निघेल, हा प्रश्न साधा राहत नाही.

वाळलेल्या खोबऱ्यात ६० ते ६५ टक्के तेल असते. १०० किलो खोबऱ्यात ६४ किलो तेल धरू. घाण्याच्या पेंडीत १२ टक्के तेल उरले, तर सुमारे ४१ किलो पेंडीत ५ किलो तेल अडकून पडते. द्रावकाने ते जवळजवळ सगळे काढता येते. पेंडीत एक टक्क्याच्या आसपासच उरते. यासाठी हेक्झेन वापरतात. पेट्रोलियमपासून मिळणारा हा पातळ द्रव तेल विरघळवतो आणि ६९ अंशांना उकळत असल्याने नंतर उडवून परत मिळवता येतो.

मग हे काम वाडीत का होत नाही? अडचण वेळेची आहे.

घाण्यात ज्या पेशी फुटल्या, त्यांचे तेल कणांच्या अंगावरच असते. हेक्झेन पडताच ते धुऊन निघते; पहिल्या काही मिनिटांत बरेचसे काम उरकते. न फुटलेल्या पेशींतले तेल मात्र पेशीभित्तींतून वाट काढत बाहेर येते. याला विसरण म्हणतात. त्याचा नियम आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडला. आत-बाहेरच्या तेलाच्या प्रमाणात जितका फरक, तितका वेग. तेल बाहेर आले की फरक कमी होतो आणि वेगही मंदावतो. समजा, दहा मिनिटांत उरलेल्यातले निम्मे निघते. मग पुढच्या दहा मिनिटांत त्या निम्म्याचे निम्मेच निघणार. म्हणून कारखान्यात उलटी चाल ठेवतात: कोरे हेक्झेन आधी जवळपास निथळलेल्या पेंडीवर सोडतात आणि तेलाने भरत चाललेले हेक्झेन शेवटी ताज्या पेंडीवर. फरक कुठेच संपत नाही.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट मला जाडीची वाटते. विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ मिलिमीटरच्या तुकड्याऐवजी ०.३ मिलिमीटरची पापडी घेतली तर वेळ शंभरपटीने कमी होतो. मुठेल तेल काढणाऱ्या बायका नारळ वाटून घेतात, त्यातही पेशी फोडण्याचेच काम असते. पण पीठच करून टाकले तर थर गच्च बसतो आणि द्रावक खाली झिरपत नाही. म्हणून कारखाने पीठ न करता पातळ पापडी करतात.

गरम केल्याने वेग वाढतो, पण हेक्झेनची वाफ हवेत एक-सव्वा टक्का झाली तरी ठिणगीने भडका उडतो. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या पडवीत हा उद्योग करू नये, हे उघड आहे. बंद यंत्रे, वाफ थंड करून परत धरण्याची सोय आणि रोज टनावारी पेंड असेल तरच पाच किलोंचा हा हिशेब जमतो.

गावच्या घाण्याला त्यापेक्षा स्वस्त उपाय आहेत: खोबरे ६ टक्के ओलाव्यापर्यंत नीट वाळवणे, बारीक कापणे, पेंड पुन्हा एकदा घाण्यात घालणे. तरी उरेल ते तेल म्हशीच्या पोटात जाते.