तांबट, शिंजीर आणि अस्मादिक

दिवाळी अंकात वसंतावर लेख लिहिणे म्हणजे बारशाच्या मांडवात मुंजीच्या मुहूर्ताची चौकशी करण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. वाचकांच्या एका हातात चकली, अंगाला उटण्याचा वास, नि मी मात्र फाल्गुन-चैत्राच्या गोष्टी सांगत बसणार! पण माझी एक अडचण आहे. ऐन वसंतात मला लिहायला फुरसत नसते. त्या दोन-तीन महिन्यांत माझी मान बहुधा वरच्या दिशेला असते, आणि मान वर करून लिहिण्याची कला मला अद्याप साधलेली नाही.

पंचांग उघडावे तर चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. वसंतपंचमी मात्र माघात, म्हणजे ऋतू सुरू होण्याच्या चांगले दीड-दोन महिने आधी. खरे सांगायचे तर झाडेही पंचांगकर्त्यांना फारशी जुमानत नाहीत. आमच्या पुण्याच्या आसपास काटेसावर माघातच फुलू लागते. अंगावर पान नाही, नुसते काटे, आणि त्या काट्यांच्या संसारात तळहाताएवढी मांसल लाल फुले. अशा झाडावर सकाळी सातच्या सुमारास जी गर्दी उसळते ती पाहावी! मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, मधूनच एखादी खार. शिवाय पळसमैनांचे थवे. या पाहुण्या मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून पावसाळा सरता-सरता आपल्याकडे येतात आणि वैशाखाच्या तोंडाला परत जातात. जाता-जाता सावर-पळसाच्या मधावर यथेच्छ ताव मारून निघतात. लग्नाला आलेल्या मंडळींनी गाडीची वेळ झाली तरी पंगतीतून उठू नये, तसा हा प्रकार.

इंग्रजी पुस्तकांत वसंत म्हणजे पालवी आणि शिशिर म्हणजे पानगळ अशी सोय असते. आपल्या देशावर हे दोन्ही खेळ एकाच रंगमंचावर एकाच वेळी चालतात. एका बाजूने पिंपळ पाने टाकतो आहे आणि आठवडा-पंधरा दिवसांत तोच तांबूस, लुसलुशीत पानांनी झळकतो आहे. पाऊस अजून तीन महिने लांब, विहिरी तळाला गेलेल्या, ऊन मी म्हणते आहे, आणि या गृहस्थाला नवे कपडे शिवायची हौस! कोसंबाचे झाड तर या दिवसांत पालवीनेच असे लालभडक होते की लांबून कुणाला वाटावे, फुलेच आली. कोवळ्या पानांतला हा तांबडा रंग त्यांना कडक उन्हापासून सांभाळतो, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे बाळाच्या डोक्याला टोपडे बांधतात, त्यातलेच ते.

असो. झाडांकडे पाहणे निर्धोक असते. पक्ष्यांकडे पाहणे तसे नसते.

गेल्या चैत्रातली गोष्ट. एका बँकेसमोरच्या पिंपळावर तांबट बसला होता. हा पक्षी चिमणीपेक्षा थोडा थोराड, अंगाने हिरवा, कपाळावर नि छातीवर कुंकवाचा लाल ठिपका, गळा पिवळा. रंग असा भडक, पण पानांत बसला की दिसत म्हणून नाही. ऐकू मात्र येतो. टुक्, टुक्, टुक्, टुक्... कुणी तांब्याच्या हंड्यावर हातोडी चालवावी तसा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ज्यांनी तो खरा आवाज ऐकला आहे, त्यांना या पक्ष्याचे नाव समजावून सांगावे लागत नाही. गंमत अशी की हे महाशय ओरडताना चोच मिटलेलीच ठेवतात. दर ठोक्याला गळ्याच्या दोन्ही बाजू फुगतात आणि बसतात. शिवाय मान इकडून तिकडे वळवीत राहतात, त्यामुळे आवाज कधी उजवीकडून येतो, कधी डावीकडून. घड्याळ लावून मी मोजले तर मिनिटाला एकशे बारा ठोके भरले. आमच्या सौभाग्यवतींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मिनिटात एक माळ होते त्याची. तुमची वर्षात तरी होते का?"

तर त्या पिंपळाखाली मी घड्याळ हातात धरून, मान वर करून उभा होतो. दोन मिनिटांत एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले आणि वर पाहू लागले. मग एक दूधवाला. मग कॉलेजची तीन मुले. पुण्यात चौघे वर पाहू लागले की पाचव्याला रस्ता ओलांडणे अशक्य होते. पाठीमागून प्रश्न ऐकू येऊ लागले. "कोण चढलंय?" "मांजात घार अडकली असेल." "अहो, अग्निशामक दलाला कुणी कळवलं का?" अखेर एका आजीबाईंनी मलाच विचारले, "काय झालंय हो?" मी म्हटले, "तांबट आहे." त्यावर गर्दीतला एक जण मोठ्या आपुलकीने म्हणाला, "काका, तांब्याची भांडी हवी असतील तर बोहरी आळीकडं जा. इथं बँक आहे." एवढ्यात बँकेचा पहारेकरी बंदूक सावरीत बाहेर आला. बँकेसमोर घड्याळ लावून काही तरी मोजणाऱ्या माणसाबद्दल त्याचे काय मत झाले असेल, हे मी विचारले नाही. मी आपला चालू लागलो. तांबटाचे चालूच होते.

संकोचाची ही परंपरा तशी मोठ्या घराण्यातली आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अली लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ही संस्था 1883 सालची. तिथल्या मिलार्ड नावाच्या साहेबापुढे जाताना तो पोरगा चांगलाच बुजलेला होता. साहेबाने मात्र मेलेल्या चिमणीची कपाटे उघडून दाखवावी तशी त्याला सगळी संग्रहशाळाच दाखवली. त्यातूनच पुढे 1941 साली भारतीय पक्ष्यांवरचे ते प्रसिद्ध पुस्तक झाले, जे आजही माझ्यासारख्यांच्या पिशवीत असते. आमच्या वेळी असा एखादा मिलार्ड भेटला नाही. बंदूकवाला पहारेकरी तेवढा भेटला.

कोकिळेबद्दल मी फारसे सांगत नाही, कारण तिच्याबद्दल कवींनी आधीच भरपूर सांगून ठेवले आहे आणि त्यातले निम्मे नराला लागू पडते. पहाटे साडेचारला कुहूकुहू करून झोपमोड करतो तो काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा कोकीळ. मादी ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी, आणि गळ्याने जरा कर्कशच. तिची अंडी कावळ्याच्या घरट्यात, हे सर्वांना माहीत आहे. त्याचे परिणाम कुणाच्या डोक्यावर होतात, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते.

आमच्या फाटकाजवळच्या झाडावर वैशाखात कावळ्यांनी घरटे केले. पिल्ले झाल्यावर कावळा कमालीचा तापट होतो. एका लग्नाला जाण्यासाठी नवा कुडता घालून मी फाटकातून बाहेर पडलो आणि मागून येऊन त्याने टाळूवर सणसणीत टपली मारली. हे नेमके पाहिले ते पुढे चाललेल्या आमच्या मावशींनी. "अगं बाई, कावळा शिवला! अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची हो आधी!" मावशींपुढे आमच्या घरात कुणाचे चालत नाही. तेव्हा नव्या कुडत्यासह मला न्हाणीघरात जावे लागले आणि जुना सदरा घालून, ओल्या केसांनी मी मांडवात पोहोचलो तो अक्षता पडून गेल्या होत्या. पुढे पंधरा दिवस तो कावळा वीस माणसांतून मला एकट्यालाच निवडून काढी. हा माझा भ्रम नव्हे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी मुखवटे घालून कावळे पकडले, तेव्हा ते कावळे पुढे कित्येक वर्षे त्या मुखवट्यावरच चाल करून येत असल्याचे त्यांना आढळले. मुखवटा निदान काढून ठेवता येतो.

याच दिवसांत घरात काय काय चाललेले असते! पाडव्याला कडुलिंबाचा पाला तोंडात घालून सगळ्यांनी वाकडी तोंडे करायची. मग चैत्रगौर, अंगणात चैत्रांगण, ओल्या हरभऱ्याची ओटी, आंबेडाळ नि पन्हे. माठात वाळ्याची जुडी. संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा पानात बांधून आणायचा आणि तो शेजारच्या खिडक्यांतून कुणाला दिसू नये म्हणून भाजीच्या पिशवीत मेथीखाली लपवायचा. लग्नाला तेहेतीस वर्षे झाल्यावर गजरा लपवावा का लागतो, हे मला सांगता येणार नाही. पण लपवावा लागतो खरा.

आता शिंजिराचे. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजिराच्या मादीने घरटे विणले. कोळ्याच्या जाळ्यांचे धागे, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, कागदाचे कपटे असल्या कचऱ्यातून तिने हातभर अंतरावर एक लोंबती पिशवी केली. बाजूला दार आणि दारावर चक्क पागोळी! आत दोन अंडी. ती उबवायला बसली की दारातून नुसती चोच बाहेर. नर चकचकीत रंगाचा, पण उबवण्याच्या कामात त्याचा हात नाही. तो खिडकीच्या काचेत दिसणाऱ्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी दिवसभर भांडत असे. पिल्ले झाल्यावर मात्र भरवायला दोघेही.

म्हणजे महिनाभर गॅलरी बंद. दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली गेली. आणि नेमके अशाच एका दुपारी, फोनवर कळवतो असे म्हणालेले एक कुटुंब न कळवताच दारात उभे राहिले. चिरंजिवांसाठी सांगून आलेल्या मुलीचे आईवडील! हिने स्वयंपाकघरातून केलेल्या खुणा मला कळेपर्यंत ते गृहस्थ आत आले होते आणि माझ्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीखालून वाकून कोचाकडे जात होते. त्यांच्या सौभाग्यवती दोन बनियनांच्या मधे बसल्या. कुणी काही बोलेना. शेवटी मी म्हटले, "जरा गॅलरीत येता का?" ते आले. मादीने नुकतेच एक पिल्लू भरवायला घेतले होते. गृहस्थ वीस मिनिटे तिथून हलले नाहीत. आत चहा निवला. स्थळ काही जमले नाही. पत्रिकेत नाडीदोष निघाला. पण ते गृहस्थ आजही दर चैत्रात मला फोन करतात, नि त्यात विषय लग्नाचा नसतो.

हे सगळे हसण्यावारी नेता येते. गुलमोहराचे तसे नव्हते.

आमच्या आवारातल्या गुलमोहराची एक जाड फांदी वठली होती. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसायला राजा, पण लाकूड ठिसूळ. फांदीखाली दहा-बारा स्कूटरी उभ्या असत. पावसाळ्याआधी ती उतरवायची, असे ठरून महापालिकेची परवानगीही आली होती. आणि त्याच फांदीत तांबटाच्या जोडीने बीळ कोरले. कंपासने आखावे इतके गोल. तांबट वठलेल्याच लाकडात कोरतो, त्याला जिवंत फांदी चालत नाही. म्हणजे माणसाला जी फांदी नकोशी, तीच त्याला हवी.

सभेत मी हात वर केला तेव्हा पार्किंगविषयी बोलणार असे सर्वांना वाटले. तांबटाचे नाव काढताच मागच्या रांगेत खसखस पिकली. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "काका, फांदी एखाद्या पोराच्या डोक्यावर पडली तर पक्षी जबाबदारी घेणार आहे का?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. दर पावसाळ्यात झाड पडून माणसे जातात, हे मीही वाचतोच. मी एवढेच म्हटले की दीड महिना द्या. खाली दोरी बांधू, कुणी फिरकणार नाही असे पाहू, आणि स्कूटरींसाठी माझी गाडीची जागा घ्या. दुसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी उभी राहून म्हणाली, "मी शाळेतून आल्यावर दोरीपाशी बसेन." त्यावर सभा संपली. माझी गाडी रस्त्यावरच्या वडाखाली गेली आणि रोज सकाळी वटवाघळांनी रंगवलेली मिळू लागली.

मेच्या मध्यावर वळवाचा पाऊस आला. रात्री साडेअकरा, वारा असा की खिडक्या धडाधडा आपटत होत्या. फांदीची करकर वरपर्यंत ऐकू येत होती. मी लुंगीवरच विजेरी घेऊन खाली धावलो. अंधारात गुलमोहराजवळ दुसरी एक विजेरी हलत होती. आमचा पहारेकरी शिट्टी फुंकीत दोघांवरही धावून आला. उजेडात पाहिले तो दुसरे सेक्रेटरी, छत्री उलटी झालेली, पायजमा गुडघ्यापर्यंत. दोघेही काही बोललो नाही. दोरीच्या आत कुणी नाही एवढे पाहून तिघेही जिन्यात उभे राहिलो, पाऊस थांबेपर्यंत. बिळातून मोठे कुणी तरी एकदा डोके बाहेर काढून आत गेले. फांदी टिकली.

नंतर आठव्या-नवव्या दिवशी पिल्ले उडाली. दोरीवरच्या मुलीने पहिल्यांदा पाहिले आणि घरोघर घंटी वाजवून सांगितले. जूनच्या पहिल्या आठवड्यात माणसे येऊन फांदी उतरवून गेली. बिळाचा तेवढा हातभर तुकडा पहारेकऱ्याने मागून घेतला. तो त्याच्या खोलीच्या खिडकीत उभा असतो. पंपाच्या नि गच्चीच्या किल्ल्या तो त्यात ठेवतो, आणि किल्ली मागायला गेले की सेक्रेटरींनाही त्यात हात घालावा लागतो.