लोकगीतातील दुसरा आवाज : मांडो आणि लोकगीत-संकलनाचा प्रश्न

प्रस्तावना : मराठी लोकगीतांचा अभ्यास प्रामुख्याने शब्दांच्या अंगाने झालेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील जात्यावरची ओवी असो अथवा बंजारा तांड्यावरील होळीची लेंगी असो, गीत संकलित होते ते बहुधा संहितेच्या रूपाने. किती कंठ एकत्र आले, कोणी कोणाची ओळ उचलली, हे कागदावर क्वचितच उतरते. गीत केवळ शब्दांत सामावत नाही, हे गोव्यातील मांडो या कोकणी गीतप्रकाराच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वरमेळाचे स्वरूप : आपल्याकडील समूहगायनात सर्वजण सामान्यतः एकच चाल गातात किंवा दोन गट आळीपाळीने गातात. स्वरमेळात मात्र भिन्न स्वर एकाच वेळी उमटतात. उदाहरणार्थ, मुख्य आवाज ‘ग म प’ गात असता दुसरा आवाज त्याच शब्दांवर ‘सा रे ग’ गातो. दोन्ही चाली समांतर जातात आणि त्यांच्या मीलनातून गीताचा भाव गडद होतो.

मांडो : एकोणिसाव्या शतकात गोव्यातील, विशेषतः सासष्टीतील, ख्रिस्ती उच्चवर्गीय घरांत मांडो विकसित झाला. चर्चला जोडलेल्या शाळांतून मिळणारे पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण ही त्याची एक बाजू, तर कोकणी भाषा आणि घुमटाचा ठेका ही दुसरी. लोटलीचे तोर्कात द फिगेरेदो यांच्यासारख्या रचनाकारांनी तो समृद्ध केला. विरह, प्रेम व निरोप हे त्याचे विषय. व्हायोलिन व घुमटाच्या साथीने संथ लयीत तो गायिला जातो आणि त्यापाठोपाठ द्रुत लयीतील दुलपद येते. मांडोची केवळ संहिता वाचणाऱ्यास त्यातील दुसऱ्या आवाजाची कल्पनाही येणार नाही.

इंग्लंडमधील उदाहरण : ससेक्स परगण्यातील रॉटिंगडीन गावच्या कॉपर कुटुंबाची परंपरा येथे उद्बोधक ठरते. 1898 मध्ये केट ली यांनी जेम्स व थॉमस कॉपर या बंधूंकडून दोन आवाजांत गायिली जाणारी गीते नोंदवून घेतली. पुढे 1936 मध्ये याच घराण्यातील जिम कॉपर यांनी गीतांचे शब्द वहीत लिहून ठेवले. शब्द वहीने जपले. दुसरा आवाज मात्र वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून गाण्यातूनच पुढच्या पिढीकडे गेला. असे एकत्र बसणे थांबले असते, तर वही असूनही निम्मे गीत हरवले असते.

निष्कर्ष : ओवीत मांडोसारखा स्वरमेळ नसतो, हे खरे, परंतु जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एक ओळ सुरू करते आणि दुसरी तिला साथ देते. गी पॉइतव्हँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या व त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले, हा आदर्श आपल्यासमोर आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यात शब्दांबरोबर गाणाऱ्यांची संख्या, त्यांची बसण्याची रचना आणि ओळींची वाटणी नोंदवावी, तसेच सोबतिणींना वेगळे न करता एकत्रच ध्वनिमुद्रित करावे. जाते थांबले आहे. त्यावर गायिलेल्या वृद्ध स्त्रिया मोजक्याच उरल्या आहेत. पहिलीचे नाव वहीत येते, दुसरीचे राहून जाते. तिची नोंद घेतल्याखेरीज संकलन पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.