तुपाच्या थेंबाखाली

परळला हाफकिन संस्थेच्या आवारात जो जुना वाडा उभा आहे, त्यात एकेकाळी मुंबईचे गव्हर्नर राहत असत. त्याही आधी, पोर्तुगीज काळात, तिथे पाद्र्यांचा मठ होता. 1880च्या दशकात गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी या वाड्यात कॉलऱ्याने गेल्या. (पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे फर्ग्युसन.) त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलवर हलला. पुढे प्लेगच्या दिवसांत इथे रुग्णालय झालं आणि 1899 साली इथेच प्लेगची प्रयोगशाळा आली. तिचे प्रमुख होते वाल्देमार हाफकिन. त्यांनी 1892 साली पॅरिसमध्ये कॉलऱ्यावर लस तयार केली होती आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली होती. ज्या रोगाने सत्ताधाऱ्याला घर सोडायला लावलं, त्याच रोगाशी झुंजलेला शास्त्रज्ञ त्या घरात काम करायला आला. इतिहास सहसा इतका नेटका वागत नाही, म्हणून या वाड्याची गोष्ट मला विलक्षण वाटते.

इतिहास कोण घडवतं, राज्य करणारे की शोध लावणारे? हा वाद हवेत घालण्यात अर्थ नाही. त्यासाठी एखादं वर्ष समोर ठेवावं, आणि मराठी माणसाला 1897 इतकं जवळचं वर्ष दुसरं मिळणार नाही.

सुरुवात आदल्या वर्षीची. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी तापाने फणफणलेले, जांघेत गाठी आलेले रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असं निदान केलं. गोदीजवळची धान्याची गोदामं, त्यांतले उंदीर आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसं, असा तो भाग. बघता बघता लोक शहर सोडून पळू लागले आणि रोगही त्यांच्याबरोबर गावोगाव गेला.

सरकारने फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा केला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाती सूत्रं गेली. गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघरांपर्यंत पोहोचले. माणसांना उचलून छावण्यांत आणि रुग्णालयांत नेलं गेलं, सामान जाळलं गेलं. पुढचं प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. 22 जून 1897 च्या रात्री, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना दीड वर्षाची सजा झाली.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू.

ऑक्टोबर 1896 मध्ये हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेला, रशियन साम्राज्यातून बाहेर पडलेला, छत्तीस वर्षांचा हा ज्यू संशोधक. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. जगातल्या एका अत्यंत भयंकर रोगाविरुद्धची मोहीम एवढ्याशा बळावर सुरू झाली!

प्लेगचा जंतू ओळखीचा झाला होता. 1894 साली हाँगकाँगमध्ये येरसँ आणि कितासातो या संशोधकांनी, काही दिवसांच्या अंतराने, वेगवेगळा तो शोधला होता. लशीसाठी मात्र हे जंतू भरपूर वाढवायला हवे होते, आणि इथे हाफकिन यांची नजर दिसते. त्यांनी मांसाच्या पातळ अर्कावर तुपाचे थेंब तरंगत सोडले. गोमांस इथे अनेकांना चालणार नाही हे जाणून अर्क बोकडाच्या मांसाचा केला होता. प्लेगच्या जंतूंना वाढायला आधार लागतो, तो त्यांना या थेंबांच्या बुडाशी मिळाला. प्रत्येक थेंबाखालून जंतूंच्या बारीक माळा खाली लोंबू लागल्या, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तशा. चंबू हलवला की माळा तुटून तळाशी बसत आणि थेंबाखाली नवं पीक लोंबू लागे. असं अनेकदा करून तो द्रव गढूळ, घट्ट झाला की तो तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बॉलिक घालायचं. झाली लस.

मेलेले जंतू माणसाला वाचवतात कसे? आपल्या शरीरात शत्रूची ओळख ठेवणारी एक यंत्रणा आहे. जंतू जिवंत आहे की मेलेला याच्याशी तिला फारसं कर्तव्य नसतं, ती त्याचं बाह्यरूप टिपून घेते. मेलेला जंतू वाढू शकत नाही, तरी त्याचं रूप तेच असतं. ते पाहून शरीर आधीच शस्त्रं परजून ठेवतं आणि खरा शत्रू आला की वेळ वाया जात नाही. हा सगळा खुलासा विज्ञानाला पुढे टप्प्याटप्प्याने मिळाला. त्या व्हरांड्यात तेव्हा त्याचा अंदाजच होता.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे रूढ झालेल्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप चढला, अंग दुखलं, आणि ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी आपणहून लस टोचून घेतली. टोचणीच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग मुरलेला होता ते सोडले, तर पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी बाराजणांना प्लेग झाला आणि सहाजण दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला. त्यांतलं कुणीही दगावलं नाही.

पुण्याजवळ, 10 मार्च 1897 रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात आल्या होत्या असं सांगतात. हाफकिन यांनी सुई टोचून घेतली त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. मुंबई-पुणे रेल्वे होती, लस होती. मध्ये उरलं होतं ते लशीचं उत्पादन, लोकांचा विश्वास आणि सरकारची दृष्टी. ही तारीख मी पहिल्यांदा जुळवून पाहिली तेव्हा बराच वेळ पुढे वाचवलं नाही.

1897 ते 1925 या काळात मुंबईतून या लशीच्या सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर गेल्या. लस परिपूर्ण नव्हती. टोचलेल्यांनाही कधीकधी प्लेग होई, आणि त्या साथींनी भारतात एक कोटीहून अधिक माणसं नेलीच. तरी लशीने मरणाचं प्रमाण निम्म्याहून खाली आणलं, असं ठिकठिकाणच्या नोंदी दाखवत होत्या. इथेच तुलना अवघड होते. राजकारण्याचं काम घटनांतून दिसतं. गोळी झाडली जाते, खटला उभा राहतो, फाशी होते, आणि प्रत्येकाला तारीख असते. लशीचं काम न घडलेल्या घटनांचं असतं. अमुक गावातली अमुक बाई 1903 साली मेली नाही, तिला पुढे चार मुलं झाली, हे कुठल्या बखरीत लिहायचं? तिलाही ते ठाऊक नव्हतं.

शास्त्रज्ञांच्या विरुद्ध एक मुद्दा मांडतात, तो खरा आहे: आज नाही तर उद्या दुसऱ्या कुणी तो शोध लावलाच असता. हाँगकाँगची जोडगोळीच त्याचा पुरावा. टिळकांच्या जागी दुसरे टिळक झाले असते, असं कुणी म्हणणार नाही. पण हाफकिन यांची लस दहा वर्षं उशिरा आली असती तर? साथ दहा वर्षं थांबली नसती. शास्त्रज्ञाचं मोठेपण मोजायचं तर त्याने वाचवलेला हा काळ मोजावा, असं मला वाटतं, आणि या मापाने 1897 च्या मुंबईत हाफकिन यांच्याएवढा मोठा माणूस मला दुसरा दिसत नाही.

अर्थात लस आपोआप दंडात शिरत नाही. मुंबईतल्या खोजा समाजात भीती पसरली होती तेव्हा तरुण आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली. एका पुढाऱ्याने बाही वर केली आणि त्यामागे अनेकांनी केली. सक्तीने जे पुण्यात साधलं नाही, ते इथे भरवशाने साधलं. हाफकिन स्वतःही लस स्वेच्छेनेच टोचावी या मताचे होते.

आणि सत्तेने काय केलं? 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली. दोष प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं. बाटली गावातच, उघडताना दूषित झाली असावी, हे पुढे आलं. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रांतून बाजू लढवली, तेव्हा 1907 साली कलंक पुसला गेला. पण मुंबईतली जागा गेली ती गेलीच. ते कलकत्त्याला गेले, तिथे नव्या लशींच्या चाचण्यांची मोकळीक मिळाली नाही, आणि निवृत्त होऊन ते युरोपात गेले.

1925 साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. पासष्टीतले, एकटे राहणारे हाफकिन तेव्हा युरोपात होते. आपल्या आयुष्याची उत्तम वर्षं मुंबईच्या कामात गेली, असं त्यांनी कळवलं. पाच वर्षांनी लोझानला त्यांचं निधन झालं. त्या वर्षीही परळच्या वाड्यात लशीच्या बाटल्या भरल्या जात होत्या.