संगणक बदलण्यापूर्वीं

घरांत नवें यंत्र आलें कीं जुनें माळ्यावर किंवा भंगारांत जावयाचें, हा लोकव्यवहारच आहे. परंतु संगणकाच्या बाबतींत तो जसाच्या तसा पाळला, तर घरचा मोलाचा ठेवा हातचा जाण्याचा संभव असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली, व त्या निमित्तानें अनेक कुटुंबांस नवा संगणक घ्यावा लागत आहे. अशा वेळीं जुनें सॉफ्टवेअर चालेनासें होतें आणि त्यांत लिहिलेला मजकूर वाचतां येत नाहीं. असें कां होतें व त्यावर उपाय काय, एवढेंच येथें सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें कारण यंत्राच्या घडणींत आहे. संगणक एका वेळीं केवढी संख्या हाताळतो, यावरून सोळा, बत्तीस व चौसष्ट बिट असे भेद पडतात. १९९५ पूर्वींचें विंडोजवरील बहुतेक सॉफ्टवेअर सोळा बिटांचें होतें. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तें चालत नाहीं, आणि २०२१ सालीं आलेली विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांचीच आहे. अर्थात् येथें दोष डिस्कचा नव्हे, कीं चालविणाराचाहि नव्हे.

दुसरें कारण आपल्या लिपीसंबंधीं आहे. पूर्वीं देवनागरी अक्षरें रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवीत, आणि प्रत्येक फॉण्टाची मांडणी निराळी असे. तो फॉण्ट नव्या संगणकावर नसला, म्हणजे मराठी मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक खिचडी दिसते. १९९१ सालीं युनिकोडाची पहिली आवृत्ति निघाली व प्रत्येक देवनागरी अक्षरास कायमचा क्रमांक मिळाला. विंडोज २००० पासून विंडोजमध्यें तशी सोय झाली. तथापि छपाईचें मराठी काम पुढें कित्येक वर्षें जुन्या फॉण्टांतच चालू राहिलें.

त्या काळांत अनेक घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत व वंशावळी संगणकावर उतरवून घेतल्या. ज्या वडीलधाऱ्यांनीं तोंडानें नांवें सांगितलीं, त्यांपैकीं पुष्कळजण आज हयात नाहींत. छापील प्रतीनंतर जी भर पडली, ती तर त्या फाइलींवांचून अन्यत्र कोठेंच नाहीं. तेव्हां हा प्रश्न केवळ यंत्राचा नव्हे.

आतां उपाय. जुना संगणक चालू आहे तोंवरच त्यांतील सर्व फाइली दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरवून ठेवाव्या, आणि ‘फॉण्ट्स’ या फोल्डरांतील मराठी फॉण्टहि बरोबर घ्यावे. बत्तीस बिटांचें सॉफ्टवेअर अडल्यास त्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कॉम्पॅटिबिलिटी’ येथें जुन्या विंडोजचें नांव निवडून पाहावें. कित्येकदां एवढ्यानेंच भागतें. डॉसच्या काळचें सॉफ्टवेअर ‘डॉसबॉक्स’ या फुकट मिळणाऱ्या साधनांत बहुधा चालतें. कशानेंहि न जमल्यास जुना संगणक इंटरनेटास न जोडतां जपून ठेवावा.

परंतु खरा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडांत आणणें. त्यासाठीं ज्या त्या फॉण्टाचें परिवर्तक वापरावें. एवढ्यानें मात्र काम संपलें असें समजूं नये. जुन्या फॉण्टांत ‘कि’ लिहितांना आधीं वेलांटी व मग ‘क’ असा लेखनाचा क्रम असे. युनिकोडांत उच्चाराप्रमाणें आधीं ‘क’ व मागून वेलांटी येते. हा क्रम पालटतांना वेलांट्या, रफार व जोडाक्षरें यांची गफलत होते. साध्या वाक्यांतील चूक संदर्भानें कळते. विशेषनामांतील कळत नाहीं. पणजीचें माहेरचें आडनांव एकदां बिघडलें, तर पुढील पिढीनें तें कशावरून सुधारावें?

याकरितां घरांतील तरुणांनीं पडदा पाहावा, वडिलांनीं छापील प्रत हातांत घेऊन नांवें मोठ्यानें वाचावीं, आणि असा रोज थोडथोडा मजकूर तपासून व्हावा. पोथी जीर्ण होण्यापूर्वींच तिची नक्कल करण्याची रीत आपल्याकडे होतीच. तीच येथें पाळावयाची आहे. शेवटीं शुद्ध झालेल्या मजकुराची एक प्रत कागदावर छापून बांधून ठेवावी, आणि मगच जुना संगणक निकालांत काढावा.