रस्ता कोणाचा?

तुमच्या गावात पेठ असेलच. कोणी तिला बाजारपेठ म्हणतात, कोणी मेन रोड म्हणतात, तर कोणी नुसतेच 'बाजार' म्हणतात. 'बाजार' आणि 'दुकान' हे शब्द तुम्हांला शिकवायला नकोत. ते फारसीतून उर्दूत आले, तसेच मराठीतही आले. 'माल' आणि 'हिशेब' हे शब्द मूळचे अरबी. या शब्दांवाचून मराठी माणसाला साधी भाजीसुद्धा विकत घेता येणार नाही!

काही पेठा मुद्दाम वसवलेल्या असतात. १८९१ साली रेल्वे कोल्हापूरला पोहोचली. त्यानंतर १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी तेथे शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली. पुढे त्यांनी जयसिंगपूर हे गावही वसवले. तेथे आधी सरळ व रुंद रस्ते आखले आणि मग घरे व दुकाने उभी राहिली. असे भाग्य फार थोड्या गावांना लाभले. बहुतेक गावांत आधी दुकाने झाली आणि त्यांच्यामध्ये जी जागा उरली, तोच रस्ता ठरला. एके काळी तेथून बैलगाड्या जात. आता त्याच रस्त्यावरून ट्रक, रिक्षा, मोटारसायकली आणि पायी चालणारी माणसे एकाच वेळी जातात.

पेठेत गर्दी झाली, की लोक फेरीवाल्यांकडे बोट दाखवतात. पण जरा नीट पाहा. दुकानाची पायरी रस्त्यावर आलेली असते. पायरीपुढे फळी, फळीपुढे खोकी आणि खोक्यांपुढे खुद्द दुकानदाराची मोटारसायकल! ती सकाळी दहा वाजता उभी राहते आणि रात्री आठ वाजता हलते. म्हणजे दहा तास झाले. एक गिऱ्हाईक अर्धा तास थांबते असे धरले, तर तेवढ्याच जागेत दिवसभरात वीस गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या राहू शकल्या असत्या. दुकानदाराने आपली गाडी मागच्या गल्लीत लावली, तर त्यात त्याचाच फायदा आहे. पण हा हिशेब फारसे कोणी मांडत नाही.

पेठ सुधारायची म्हणजे ती पाडून नवी बांधायची, असे पुष्कळांना वाटते. खरे तर कितीतरी कामे फार थोड्या खर्चात होतात. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या लावाव्यात आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला, असे फलक तुम्ही वाचले असतील. मालाचे ट्रक सकाळी लवकर किंवा रात्रीच आत सोडता येतात. रमजान ईद आणि दिवाळीच्या आधी संध्याकाळी काही तास वाहने बंद ठेवता येतात. पिण्याचे पाणी, दिवे आणि वाहती गटारे हवीतच. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्त्रियांसाठी स्वच्छतागृह. भाजी, बांगड्या, फुले विकणाऱ्या कितीतरी बायका सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच जागी बसून असतात. त्यांची सोय न करता रस्त्यावर रंगीत फरशा बसवण्यात काय अर्थ आहे?

आता फेरीवाल्यांचा प्रश्न पाहू. नगरपरिषदेचा माणूस रोज येतो, बाजार फीची पावती फाडतो आणि पैसे घेऊन जातो. एखाद्या दिवशी त्याच नगरपरिषदेची गाडी येते आणि हातगाडी उचलून नेते. दोन दिवसांनी फेरीवाला पुन्हा तेथेच दिसतो. तो हट्टी असतो म्हणून नव्हे. गिऱ्हाईक तेथे असते, म्हणून तोही तेथेच येतो. गावाबाहेर बांधलेल्या मंडईत गाळा मिळाला आणि गिऱ्हाईक फिरकलेच नाही, तर त्याच्या घरी चूल कशी पेटणार?

रस्त्यावर व्यवसाय करणे हाही नागरिकाच्या हक्काचा भाग आहे, मात्र त्यावर योग्य बंधने घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदाच केला. पथविक्रेता म्हणजे रस्त्यावर माल विकणारा. या कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी एकदा तरी विक्रेत्यांची पाहणी करावी लागते. पाहणीत नोंद झालेल्यांना प्रमाणपत्र मिळते. पहिली पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. नंतरही हलवायचे झाले, तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत असावी, असेही कायदा सांगतो. चाळीस हजार वस्तीच्या गावात ही संख्या एक हजार होते.

विक्री कोठे करावी आणि कोठे करू नये, हे ठरवताना नगर पथविक्रेता समितीचा सल्ला घेतला जातो. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी या समितीचा अध्यक्ष असतो. समितीत पोलीस असतात आणि व्यापारीही असतात. चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी स्वतः निवडून दिलेले असतात व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. रोज रस्त्यावर भांडणारी माणसे येथे एका टेबलाभोवती बसतात, हेच या कायद्यातले मोठे शहाणपण आहे. अर्थात समिती नेमली गेली आणि तिच्या बैठका झाल्या, तरच त्याचा उपयोग! अनेक शहरांत हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले.

या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. जो बाजार आपोआप भरत आला आहे आणि जेथे विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ बसत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे तीत म्हटले आहे. अशा वेळी पेठेतल्या वृद्धांची आठवण उपयोगी पडते. आणि एखाद्या भाजीवाल्या आजीने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या बाजार फीच्या जुन्या पावत्याही मोठ्या कामाला येऊ शकतात.