मिरास कीं सालोसाल खंड?

हल्लीं पुष्कळ बागाईतदारांचा व सोसायट्यांचा जमाखर्च संगणकावर ठेवला जातो. त्याकरितां लागणारें सॉफ्टवेअर दोन रीतींनीं मिळतें. एकरकमी किंमत भरून कायमचा परवाना घ्यावा, अगर दरसाल वर्गणी भरीत जावें. जमिनीच्या भाषेंत पहिला मिरासदार व दुसरा उपरी होय. मात्र मिरासदारासहि सारा चुकत नसे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

कंपन्यांचा ओढा वर्गणीकडे आहे. ॲडोबीनें सन २०१३ मध्यें नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीनें देण्याचें जाहीर केलें. ऑटोडेस्कनें सन २०१६ मध्यें कायमचे नवे परवाने विकणें थांबविलें. शेतीच्या यंत्रांतहि हा विचार शिरला आहे. जॉन डिअर या अमेरिकन कंपनीनें सन २०२२ मध्यें असा संकल्प जाहीर केला कीं, २०३० पर्यंत उत्पन्नाचा दहावा हिस्सा अशा चालू आकारणींतून यावा. कारण उघड आहे. विक्रीचा पैसा वळवाच्या पावसासारखा, वर्गणीचा पाटाच्या पाण्यासारखा.

तथापि वर्गणी सर्वस्वीं वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. तींत आरंभीं मोठी रक्कम गुंतत नाहीं व सुधारणा मिळत राहतात. उलट कायमच्या परवान्यानें मालकी मिळत नाहीं, केवळ वापराचा हक्क मिळतो. मायक्रोसॉफ्टनें ऑफिस २०१६ व २०१९ यांची सुरक्षेची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविली. तीं चालतात खरीं, पण कुंपण मोडलेल्या मळ्यासारखीं.

बेंगळूरची टॅली कंपनी दोन्ही रीती ठेविते. अशा ठिकाणीं हिशेब मांडूनच निवड करावी. समजा, परवाना २४,००० रुपयांस व वर्गणी सालीना ८,००० आहे. वरवर पाहतां तीन वर्षांत बरोबरी होते. परंतु दुसऱ्या वर्षापासून सुधारणांचे ४,००० भरावे लागल्यास ती पांचव्या वर्षीं होते. त्याहून अधिक काळ वापर असेल तरच परवाना स्वस्त.

याहून मोठा प्रश्न दप्तराचा आहे. वर्गणी थकल्यास मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्यें कागद वाचतां व छापतां येतात, परंतु त्यांत फेरफार करतां येत नाहीं. अन्यत्र काय होईल हें करारापूर्वींच लेखी विचारावें. महसुलाच्या नोकरींत आम्ही एक गोष्ट शिकलों कीं, ज्याचे हातीं दप्तर त्याचे हातीं दावा. याकरितां दर मार्चअखेर सर्व खातीं छापून, सह्या करून, आपल्याच पेटींत ठेवावीं.